दूध डेअरीच्या डीएफडीवर मॅडमनी लाल पेनाने 'मिरॅकल' लिहिलंय, म्हणजे नक्की काय चुकलं?

गोठ्यातला_कोडर
नमस्कार मंडळी, बीसीए शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला गावचं दूध संकलन केंद्र घेतलंय, चुलते तिथं सचिव आहेत म्हटल्यावर माहिती घरबसल्या मिळेल असा हिशोब होता. कोडिंग बरंचसं झालंय, गाडी अडलीय ती डीएफडीत, म्हणजे डेटा फ्लो डायग्राममध्ये, माहिती कुठनं कुठं जाते ते बाणांनी दाखवायचं चित्र. काम कसं चालतं सांगतो, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा शेतकरी दूध आणतो, आपला कोड नंबर सांगतो, माप होतं, सँपल मशीनला लावलं की फॅट येतं, लॅक्टोमीटरची डिग्री बघून एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढतात, दरपत्रकात बघून दर लावायचा आणि पावती द्यायची. दर १० दिवसांनी बिल, त्यातनं पशुखाद्य आणि उचल कापून राहिलेले पैसे खात्यावर. दूध पुढं संघाच्या टँकरमध्ये जातं, विषय संपला.

मी लेव्हल १ ला, म्हणजे मुख्य कामांच्या चित्रात, पाच प्रोसेस (कामं) काढल्या: दूध घेणे, फॅट तपासणे, दर काढणे, बिल करणे, दूध संघाला पाठवणे. स्टोअर, म्हणजे माहिती साठवायच्या जागा, चार: सभासद, रोजचं संकलन, दरपत्रक, बिल. मॅडमनी 'दूध' लिहिलेल्या बाणावर काट मारली आणि बाजूला 'हा डेटा आहे का?' असं लिहिलं. रोजचं संकलन ते बिल या बाणावर प्रश्नचिन्ह. 'फॅट कमी असेल तर परत' या बाणावर 'फ्लोचार्ट नको'. बिल करणेवर 'मिरॅकल'. आणि लेव्हल २ वर, म्हणजे एकेक प्रोसेस उलगडून दाखवणाऱ्या चित्रावर, नुसतंच 'बॅलन्स नाही'. विचारायला गेलो तर मॅडम म्हणाल्या स्वतः शोध. सोमवारी परत दाखवायचंय, कुणीतरी समजावून सांगा राव.

पुणेरी_बीए
मॅडम चांगल्या आहेत तुझ्या, आमच्या वेळी पानंसुद्धा न उलटता सही व्हायची.

निवृत्त_ईडीपी
मित्रा, मी साखर कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होतो, ऊसबिलाची सिस्टिम कोबॉल भाषेत केली होती आणि त्याआधी तीन महिने नुसती चित्रं काढली होती, प्लॅस्टिकचं टेम्प्लेट धरून पेन्सिलने. तेव्हा प्रोसेस दाखवायला यॉर्डन-डीमार्कोचे गोल वापरायचे की गेन-सार्सनचे कोपरे गोल केलेले चौकोन, यावर ऑफिसात दोन तट होते. तू कुठलेही वापर, फक्त एका चित्रात दोन्ही मिसळू नकोस.

आता मुद्द्याचं. डीएफडीत फक्त माहिती वाहते. दूध टँकरमधून वाहतं ते वाहू दे, तुझ्या बाणावर 'सभासद कोड, दूध प्रकार, माप' हे आलं पाहिजे. गंमत म्हणजे एवढं एक दुरुस्त केलंस की 'दूध संघाला पाठवणे' ही तुझी पाचवी प्रोसेस आपोआप गळते. तिच्या जागी काय येतं बघ, संघाला दूध जाताना बरोबर चलन जातं आणि संघाकडनं त्यांच्या मापाची पोच येते, तीच तुझी माहिती.

दुसरं, स्टोअरमधनं स्टोअरमध्ये बाण जात नाही. वही कपाटातनं उठून दुसऱ्या वहीत स्वतःला उतरवून घेते का? मधे कुणीतरी काम करतंय, ते काम म्हणजे प्रोसेस. तुझ्या चित्रात संकलनाचा बाण थेट बिलाच्या स्टोअरला गेलाय म्हणजे बिल करणेला आत येणारा एकही बाण उरला नाही, नुसते बाहेर जाणारे. काही न घेता बिल तयार, यालाच मिरॅकल म्हणतात. आणि उलटं असेल, म्हणजे आत सगळं येतंय आणि बाहेर काहीच नाही, तर ते ब्लॅक होल. तो बाण बिल करणेमधनं ने, मग बघू.

तेजू_लॉजिक
जरतरचा मुद्दा राहिला. डीएफडीला 'असेल तर' कळत नाही, आधी काय नंतर काय हेही कळत नाही आणि दिवसातनं किती वेळा तेही नाही. परत केलेल्या दुधाची नोंद ठेवणार असशील तर 'नाकारल्याची नोंद' असा साधा बाण काढ. कधी नाकारायचं ही अट प्रोसेस स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे त्या प्रोसेसचे नियम लिहायच्या कागदात लिही, तिथं डिसिजन टेबल (कुठल्या अटीला काय करायचं याचा तक्ता) एकदम फिट बसतं, गाय की म्हैस, फॅट किती, एसएनएफ किती. आमच्याकडं दर गाईला ३.५ फॅट ८.५ एसएनएफ आणि म्हशीला ६.० आणि ९.० धरून सांगतात, तिथनं पॉइंटमागं वरखाली होतो. हे सगळं बाणांवर लिहायला गेलास तर चित्राची भेळ होईल.

एसएनएफचं सूत्रही तसंच. डिग्रीला ४ ने भागायचं, त्यात फॅटचा काही हिस्सा आणि एक ठरलेला आकडा मिळवायचा, पण तो आकडा सगळीकडं एकच नसतो. म्हणून ते चित्रात नको, स्पेसिफिकेशनमध्ये लिही.

पुणेरी_बीए
आता गांभीर्याने. कॉलेज सुटल्यावर डीएफडी कुणी विचारणार नाही तुला, आम्ही क्लायंटला बीपीएमएन, म्हणजे कामाचा क्रम दाखवणारं चित्र दाखवतो, स्विमलेनमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या वेगळ्या पट्ट्यात, कोण काय करतं ते सरळ दिसतं, सचिवाची लेन, शेतकऱ्याची लेन, निर्णयाच्या हिऱ्यासारख्या खुणा पण काढता येतात. डीएफडीत माणूसच दिसत नाही.

निवृत्त_ईडीपी
माणूस दिसत नाही हाच तर त्याचा फायदा आहे साहेब. माणूस दिसला की चर्चा 'हे काम कुणाचं' यावर जाते, तासभर तेच. हा आकडा आला कुठनं, हे विचारायला मला तरी अजून डीएफडीच बरं वाटतं. स्विमलेनमध्ये 'बिल तयार करा' असा चौकोन काढला की सगळे माना डोलावतात, त्या बिलातली कपात कुठल्या कागदावरनं आली हे कुणीच विचारत नाही.

पुणेरी_बीए
डेटा ऑब्जेक्ट काढता येतात की बीपीएमएनमध्ये.

निवृत्त_ईडीपी
येतात. काढतं कोण?

गोठ्यातला_कोडर
बाण फिरवले, आता रोजचं संकलन आणि सभासद दोन्हीकडनं बिल करणेला माहिती येते. म्हणजे मिरॅकल संपलं ना? आणि सचिवाला एन्टिटी, म्हणजे सिस्टिमबाहेरचा माहिती देणारा-घेणारा, दाखवायचं का? मी शेतकरी, संघ, बँक आणि सचिव अशा चार दाखवल्यात.

तेजू_लॉजिक
सचिव काढून टाक. तो केंद्राच्या आत बसून तेच काम करतोय जे तुझ्या प्रोसेस करतायत, बाहेरचा नाही तो.

निवृत्त_ईडीपी
इथं मी थोडा वेगळा. हद्द कुठं आखलीय त्यावर आहे हे. केंद्राचं कामकाज दाखवत असशील तर सचिव आतला. पण हद्द फक्त सॉफ्टवेअरची असेल तर माप टाइप करणारा तोच, मग तो बाहेरचा होतो. दोन्ही चालतं, पण कॉन्टेक्स्ट डायग्राममध्ये, म्हणजे सगळी सिस्टिम एकच प्रोसेस म्हणून दाखवणाऱ्या सगळ्यात वरच्या चित्रात, जे ठरवलंस तेच खालपर्यंत ठेव. पहिल्या चित्रात सचिव नाही आणि लेव्हल १ ला अचानक उगवला असं नको.

आणि मिरॅकल संपलं नाही अजून. बिलातनं काय काय कापतात म्हणालास? पशुखाद्य आणि उचल. ते आकडे बिल करणेला कुठल्या बाणाने येतात ते दाखव मला. आत काहीतरी येतंय पण जे बाहेर पडतंय त्याला ते पुरत नाही, याला ग्रे होल म्हणतात, आणि मिरॅकलपेक्षा हे वाईट कारण पटकन दिसत नाही.

पंचगंगाकाठचा
आमच्याकडं पण केंद्र आहे, वडील बघतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या पोराने चित्रात घेतल्याच नाहीत. एक, दरपत्रक काय जन्मापासून केंद्रात पडलेलं नसतं, संघ पाठवतो आणि मधेच बदलतो, कधी कधी १० दिवसांच्या बिलाच्या मधोमध. तुझ्या लेव्हल २ ला 'बॅलन्स नाही' लिहिलंय ना, पैज लावतो तिथं तू संघाकडनं नवीन दरपत्रक येताना दाखवलंयस आणि वरच्या चित्रात तो बाणच नाही, दोन्हीकडचे बाण जुळले तरच बॅलन्स. आणि दरपत्रकाच्या नोंदीत लागू तारीख ठेव, नुसती तारीख नाही तर सकाळ की संध्याकाळ तेही, नाहीतर एका दिवसाच्या दोन दरांवरनं शेतकरी केंद्रावर येऊन उभे राहतात, आम्ही भोगलंय.

दोन, आम्ही घेतो लिटरमध्ये आणि पलीकडं संघात धरतात किलोत. १०० लिटर म्हणजे साधारण १०३ किलो. तू डेटा डिक्शनरीत, म्हणजे प्रत्येक माहितीचं नाव आणि अर्थ लिहायच्या यादीत, दोन्हीला नुसतं 'माप' असं नाव दिलंस तर घट आहे की वाढ हे तुझं सॉफ्टवेअर रोज चुकीचं सांगणार आणि सचिवावर आळ.

गोठ्यातला_कोडर
पैज जिंकलात दादा, अगदी तसंच होतं. लेव्हल १ आणि कॉन्टेक्स्ट दोन्हीत दरपत्रकाचा बाण घातला.

कपातीचं काल संध्याकाळी चुलत्यांना विचारलं. पशुखाद्याचं रजिस्टर आहे, ते सापडलं, त्याचं पाचवं स्टोअर केलं. उचलीचं विचारलं तर म्हणाले असतंय लक्षात. मी म्हटलं २००-२५० सभासद, कसं काय लक्षात, तर शर्टाच्या खिशातनं छोटी डायरी काढली, त्यात कोड नंबर आणि रक्कम, काही ठिकाणी नुसतं आडनाव, फेडलं की रेघ मारायची. सहा महिने मी त्या केंद्रात जातोय, फॉर्म, पावत्या, सगळे फोटो काढलेत, ही डायरी मला कधी दिसलीच नव्हती आणि बिलाचा एक अख्खा कॉलम तिच्यावर चालतोय. डायरी हरवली तर काय, असं विचारलं तर हसले.

मग डी६ 'सचिवांची डायरी' असं स्टोअर काढून चित्र त्यांना दाखवलं, तर ते म्हणतात हे कशाला घातलंस, मॅडम काय म्हणतील, काढून टाक ते. घरातला माणूस आहे, काय करू?

निवृत्त_ईडीपी
काढू नको. नाव बदल, 'उचल खाते' कर. आज ते डायरीत आहे, उद्या तुझ्या टेबलात असेल, चित्राला काय फरक पडत नाही. आणि त्या खात्यात लिहिणारी प्रोसेस काढ, 'उचल नोंदवणे', नाहीतर सोमवारी मॅडम तिथंच गोल करणार.

गोठ्यातला_कोडर
चुलत्यांना 'उचल खाते' चालतंय म्हणे. वर विचारतात, त्यात मागच्या दिवाळीची पण भरू का.