मदत हवी आहे : नायजर डेल्टातील भूजलात धातू आले कुठून?

नायजेरियात नायजर डेल्टातल्या ओगोनीलँड या तेलगळतीने प्रदूषित भागाच्या भूजलावर प्रबंध लिहिताना एका मुद्द्यावर अडले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या पर्यावरण अहवालानुसार ओगाले येथील विहिरींत बेंझिन (तेलातले एक विषारी रसायन) जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक होते आणि भूजलावर शुद्धीकृत तेलाचा ८ सेंटीमीटरचा थर तरंगत होता. तिथे उगमाबद्दल शंका उरत नाही. धातूंचे मात्र तसे नाही. त्या वालुकामय थरांतले पाणी बहुधा मुळातच आम्लधर्मी व लोहयुक्त असल्यामुळे (बादलीत ठेवले की तांबूस साका बसतो) ते जुन्या नळांतूनही शिसे आणि जस्त ओढून घेऊ शकते. मग खनिज तेलातून आलेले धातू वेगळे कसे ओळखावेत? खनिज तेलात आढळणाऱ्या निकेल आणि व्हॅनेडियम या धातूंच्या गुणोत्तरावर विसंबता येईल का? धातू विरघळलेले राहावेत म्हणून पाण्याच्या नमुन्यात जे आम्ल घालतात, ते नमुना गाळूनच घालावे, की न गाळलेलाही तपासावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.