सोसायटीने डासांसाठी दरमहा होणारं फॉगिंग (औषधी धूर सोडणं) बंद करून तो पैसा टाक्यांच्या झाकणांवर आणि जाळ्यांवर लावावा का?

गच्चीवरून:
माझं मत स्पष्ट आहे: बंद करावं. धूर फक्त उडणाऱ्या डासाला मारतो, तोही औषधाचा थेंब त्याच्या अंगावर पडला तरच. अंडी, अळ्या आणि कोष पाण्यात सुखरूप राहतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांत नवे डास उडू लागतात. डेंग्यूचा एडिस तर पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांवर बसतो. आवारात सोडलेला धूर तिथवर पोचत नाही. शिवाय अनेकदा कंत्राटदार ऊन चढल्यावर येतात. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि धूर तिच्यासोबत निघून जातो.

हा पैसा आधी टाक्यांना लावा. झाकण बिजागरीचं, घट्ट बसणारं हवं. ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला दीड मिलीमीटरहून लहान भोकांची जाळी हवी. मलेरियाचा शहरी डास, अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी, गच्चीवरच्या टाकीतही वाढतो. मग डक्ट (इमारतीतली नळांची उभी पोकळी) जाळीने बंद करा. कबुतरांच्या घरट्यांच्या काड्या आणि पिसं छज्जाच्या पाणी जाणाऱ्या भोकात अडकतात. पावसाळ्यात तिथे साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात एडिस तयार होतो. डास आणि कबुतरं या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण त्या छज्जावर एकत्र येतात.

कीटकतज्ज्ञ_पुणे:
पूर्ण बंद करण्याला माझा ठाम विरोध. डेंग्यूचा रुग्ण सापडला की विषाणू घेऊन फिरणारी मादी त्याच आठवड्यात मरायला हवी, झाकणं बसवेपर्यंत ती थांबत नाही. अशा वेळी घरात फवारणी लागते: पायरेथ्रम या कीटकनाशकाच्या 2 टक्के अर्काचा एक भाग आणि रॉकेलचे एकोणीस भाग. आधी गॅस आणि दिवे विझवायचे, अन्न-पाणी झाकायचं, माणसं बाहेर काढायची, खिडक्या लावून फवारायचं आणि थोडा वेळ घर बंद ठेवायचं.

गच्चीवरून:
रुग्णाच्या घराभोवतीची फवारणी हवीच, त्यावर वाद नाही. ती महापालिकेचं आरोग्य खातं करतं, त्यांना लगेच कळवायचं. माझा आक्षेप रुग्ण असो-नसो दर महिन्याला उडवल्या जाणाऱ्या धुराला आहे. एकच औषध सतत मारलं की तग धरणारे डास उरतात, आणि खऱ्या साथीत तेच औषध फिकं पडतं.

ड्रेनेजलाइन:
मुळात डास कोणता ते तर बघा. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा क्यूलेक्स असतो. तो गटारातून आणि शौचाच्या टाकीतून येतो. टाकीवर उभ्या असलेल्या व्हेंट पाइपच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी तारेने आवळून बांधा, चेंबरच्या झाकणांच्या फटी सिमेंटने भरा. उन्हाने नायलॉन कुजतं, म्हणून पावसाळ्याआधी जाळी बदला. इतक्या स्वस्त कामाकडे सोसायट्या वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात, याचा संताप येतो.

लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसता येत नसेल तर बीटीआय टाका. हे जिवाणूजन्य औषध अळ्यांनी खावं लागतं. कोष काही खात नाहीत, त्यामुळे ते सुटतात. म्हणून लेबलवरच्या मात्रेने ठरलेल्या दिवशी पुन्हा टाकत राहायचं. टेमेफॉस या अळीनाशकाचे 1 टक्क्याचे दाणे वापरायचे तर दहा लिटर पाण्याला एक ग्रॅम. अंदाजाने मूठभर टाकू नका.

पाखरांची_ओसरी:
डक्टच्या जाळ्यांना माझा विरोध आहे. ढिल्या जाळीत घार, बुलबुल अडकून तडफडून मरतात. अनेक ठिकाणी आत पिल्लं असताना जाळी ठोकतात, ती उपाशी मरतात. काहींनी तर उन्हाळ्यात पाखरांसाठी ठेवलेली पाण्याची भांडीही काढायला लावली. तहानलेल्या जिवाचं पाणी तोडणं मला मान्य नाही.

जाळीकाम:
पिल्लांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर. कबुतराची अंडी सतरा-अठरा दिवसांनी फुटतात, पिल्लू उडायला आणखी महिनाभर लागतो. तेवढं थांबून, नवी अंडी येण्याआधी बंद करायचं. पण विणीला ठरावीक हंगाम नाही आणि जुनी पिल्लं मोठी होत असतानाच पुढची अंडी पडतात. म्हणून एकेक कोपरा मोकळा झाला की बंद करत जावा.

पक्षी अडकतात ते जाळी ढिली असते म्हणून. आधी चारही बाजूंनी तारेचा दोर टर्नबकलने (फिरवून ताण देणाऱ्या स्क्रूने) ताणायचा, दर दीड-दोन फुटांवर हुक मारायचा, मग जाळी त्याला शिवायची. कबुतरासाठी 50 मिलीमीटरची भोकं पुरतात, पण चिमणी त्यातून आत शिरून अडकू शकते. चिमण्या येत असतील तर 19 मिलीमीटरची घ्या, जास्त पैसे गेले तरी. कबुतर बसू नये म्हणून लावतात ते पट्टीवरचे काटे अरुंद कठड्यावर ठीक, रुंद छज्जावर कबुतर त्यांच्यातच काड्या रचतं.

विष्ठा कोरडी झाडू नका. तिची धूळ फुप्फुसात गेली की अ‍ॅलर्जीचा न्यूमोनिया होऊ शकतो. एन-95 मास्क घाला, पाणी मारून भिजवा, मग खरवडा.

पाखरांची_ओसरी:
एवढी काळजी लेखी कंत्राटात आली तर जाळीला माझी हरकत नाही. भांड्यांचं काय?

कीटकतज्ज्ञ_पुणे:
भांडी ठेवा, पण पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा आतली कड ब्रशने घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. नुसतं ओतून पुन्हा भरलं की तीच फुटतात. कुंडीखालच्या थाळ्या, मनीप्लांटच्या बाटल्या आणि फ्रिजमागच्या ट्रेलाही हेच लागू. कबुतरांना दाणे टाकणं मात्र थांबवा. खाणं मिळत राहिलं तर डक्ट बंद केल्यावर कबुतरं शेजारच्या इमारतीत वीण घालतील.