मदत हवी आहे: जुन्या टोपोशीटवरचा बिंदू फक्त दक्षिणेलाच का सरकतोय?

मंडळी, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या रानातले झरे आणि जुन्या पाऊलवाटा आम्ही गावातली पाच-सहा जणं नकाशावर घ्यायलोय. वाटा माहीत असलेली म्हातारी माणसं आहेत तोवर हे व्हायला हवं. रानात रेंज नसते, म्हणून जुन्या टोपोशीटवरचे (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरचे) अक्षांश-रेखांश मोबाईलवरच, नेटशिवाय बदलायला लागतात.

त्यासाठी आमच्या एका सरांची सी भाषेतली जुनी लायब्ररी मी जावास्क्रिप्टमध्ये नव्यानं लिहायलोय. असे आकडे बदलून देणारी तयार लायब्ररी 'प्रोज' आहे हे ठाऊक आहे, ताळा मी त्याच्याशीच घेतो. पण आमच्या हायस्कूलच्या पोरांना प्रत्येक ओळ मराठी टिपणासकट वाचता यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

यूटीएमचा, म्हणजे अक्षांश-रेखांशांचे मीटरमधले आकडे करणाऱ्या जागतिक पद्धतीचा, भाग झाला. आपला झोन ४३, मध्य रेखांश ७५ अंश, आणि खानापूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर, मध्य रेखांशावर पाच लाख मीटर धरलेलं) पाच लाखांच्या आत. ते बरोबर येतंय.

अडलंय ते जुन्या शीटपाशी (आमचं ४८ आय). ते एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीचा गणिती आकार), कल्याणपूर डेटमवर (तो आकार पृथ्वीवर कसा बसवला ते) आहे आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या लंबगोल-डेटमवर. काहीच न बदलता बिंदू टाकला तर तो साधारण दीडशे मीटर आग्नेयेला पडतो. म्हणून मी एक्स, वाय, झेड (पृथ्वीच्या केंद्रापासूनची तीन दिशांतली अंतरं) काढून त्यांत २९५, ७३६, २५७ मीटर मिळवतो आणि परत अक्षांश-रेखांश काढतो. आता पूर्व-पश्चिम अगदी जुळतं. पण उत्तर-दक्षिण नाही! प्रोजच्या तुलनेत खानापूरला बिंदू ९५ मीटर दक्षिणेला, निपाणीला ९९, बिदरला १०७. उलटं रूपांतर केलं तर मूळ आकडा जसाच्या तसा मिळतो, म्हणून चूक कुठं शोधावी तेच कळेना. आमच्या रानात ९५ मीटर म्हणजे ओहोळाच्या पलीकडचा काठ.

अजून एक. लॅम्बर्ट ग्रिडसाठी (जुन्या नकाशांवरची यार्डांतली चौकट) जुन्या कोडात एक यार्ड म्हणजे ०.९१४३९८५ मीटर धरलाय. टायपिंगची चूक समजून मी ०.९१४४ केलं. बरोबर का?

प्रतिसाद – निपाणीकर

दादा, यार्ड आधी पहिल्यासारखा करा. ती चूक नाही, तो भारतीय यार्ड आहे. या ग्रिडचं फॉल्स ईस्टिंग (आकडे ऋण येऊ नयेत म्हणून आधीच मिळवलेलं अंतर) ३० लाख यार्ड, म्हणजे २७४३१९५.५ मीटर. तुमच्या आकड्यानं ते २७४३२०० होतं. साडेचार मीटर तिथंच गेले, नॉर्दिंगमध्ये (उत्तरेकडच्या अंतरात) आणखी दीड. आणि पुढं कारवारपर्यंत जाणार असाल तर १५ अंशांच्या खाली ग्रिडचा पट्टा बदलतो, थ्री-ए चा फोर-ए होतो.

आता मुख्य दुखणं. रेखांश निघतो वाय भागिले एक्सवरून, त्यात लंबगोलाचा चपटेपणा येतच नाही. अक्षांशात येतो. शिवाय तुमची चूक ९५, ९९, १०७ अशी उत्तरेकडं वाढत जातेय, दुप्पट अक्षांशाच्या साइनच्या प्रमाणात. माझी खात्री आहे, तुम्ही जाताना आणि येताना एकच लंबगोल वापरताय. डब्ल्यूजीएसचा चपटेपणा १/२९८.२६, एव्हरेस्टचा १/३००.८०. एक्स, वाय, झेड काढताना एव्हरेस्ट घ्या, परत येताना डब्ल्यूजीएस. एव्हरेस्टची त्रिज्या साधारण ८४० मीटरनं लहान आहे, पण तो फरक बहुतेक सगळा उंचीत जातो. बिंदू दक्षिणेला ढकलतो तो चपटेपणा. उलट्या रूपांतरात हे दिसणार नाही, कारण दोन्ही वेळा चूक तीच असते.

धागाकर्ता

सापडलं! सरांच्या कोडात प्रत्येक फंक्शनला लंबगोल वेगळा दिला जायचा. मी सुटसुटीत करायच्या नादात फाईलच्या डोक्यावर एकच ठेवला होता. खानापूर, निपाणी, बिदर तिन्ही प्रोजशी जुळले. तेच तीन आकडे आता चाचणीत कायमचे घातलेत. यार्डही पूर्ववत केला, आणि तो तसा का, ते वरच्या टिपणात लिहिलं. निपाणीकर, तुमचे फार उपकार झाले.

२९५, ७३६, २५७ हे सगळ्या देशासाठीचे सरासरी आकडे आहेत, त्यामुळं प्रत्यक्ष जागेवर दहा-वीस मीटर इकडंतिकडं होऊ शकतं. रविवारी कणकुंबीकडच्या झऱ्यावर जाणार आहोत, वाट दाखवायला गावातले एक आजोबा येतायत. तिथं फोन काय दाखवतो ते इथंच लिहितो.