गॅस क्रोमॅटोग्राफीच्या (जीसी) कॅपिलरी कॉलमवर (बारीक लांब नळीवर) पीक (आलेखावरची शिखरं) शेपटी सोडतायत, काय करू?

प्लाझ्मातले फॅटी ॲसिड मिथाइल एस्टर करून जीसीवर टाकतेय, कॉलम 30 मीटर, 0.25 मिमीचा, स्टँडर्डला (माहीत असलेल्या शुद्ध मिश्रणाला) पीक झकास येतात पण दहा-पंधरा सॅम्पल झाले की शेपट्या सुरू. कॉलम गेला का?

– अहो नाही, एवढ्यात कशाला टाकताय! लायनर (इंजेक्टरमधली काचेची नळी) बघा आधी, घाण तिथेच साचते. मग इंजेक्टरच्या बाजूने 20-30 सेंमी कॉलम कापा, कट मात्र सरळ हवा, रिटेन्शन टाइम (पीक बाहेर यायची वेळ) थोडा आधी येईल तेवढं धरून चाला.

– एस्टर ज्यात काढून घेता तो हेक्झेनचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवता का? ॲसिड-पाणी आत गेलं तर पोलर फेजची (कॉलमच्या आतल्या लेपाची) वाट लागते.

– सुकवत नव्हते 🙈 आणि सिस-ट्रान्स (दुहेरी बंधाची दोन रूपं असलेले) फॅटी ॲसिड याच कॉलमवर वेगळे होतील?

– नीट नाही, त्याला सायनोप्रोपिल लेपाचा 100 मीटरचा कॉलम लागतो, रन तासाभराचा.