कूर्चापेशी फ्लास्कमध्ये बदलतात ते प्लास्टिकमुळे

फ्लास्कमध्ये वाढवलेल्या कूर्चापेशी (सांध्यातल्या कूर्चेच्या पेशी) तिसऱ्या पॅसेजला, म्हणजे तिसऱ्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यावर, लांबुळक्या झाल्या, कोलॅजेन २ हे कूर्चेचं खास प्रथिन गायब झालं, असं का, हा प्रश्न कुणी विचारलाय. ज्याच्या सांध्यातून पेशी घेतल्या त्या दात्याच्या वयाआधी संशय फ्लास्कच्या प्लास्टिकवर घ्या. सपाट तळावर पसरलेल्या कूर्चापेशीत सॉक्स९ (कूर्चेची जनुकं चालू ठेवणारं प्रथिन) घसरतं, तंतुमय ऊतींतलं कोलॅजेन १ वाढतं. शक्यतो पहिल्या पॅसेजलाच थांबा.

नंतर पेशी सपाट न पसरता गोल राहाव्यात म्हणून १.२% अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातला, कॅल्शियमनं जेल होणारा पदार्थ) मिलिलिटरला ४० लाख पेशी मिसळून २२ गेजच्या सुईतून १०२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब-थेंब सोडा, १० मिनिटं ठेवा. मणी साबुदाण्यासारखे गोल हवेत. शेपटी आली तर सुई बहुधा द्रावणाच्या फार जवळ आहे. धुवायला सलाइनच घ्या. फॉस्फेट बफर कॅल्शियम ओढून घेतो, मणी मऊ पडून फुटतात.

वार्धक्याच्या अभ्यासात तर पॅसेज जपायलाच हवा. फ्लास्कमध्ये पेशी नुसत्या वाढवण्यानंही पी१६ (पेशीच्या वार्धक्याची खूण मानलं जाणारं प्रथिन) चढतं. मग ते म्हाताऱ्या गुडघ्याचं की फ्लास्कचं, कसं ओळखणार?