शब्दचर्चा : ‘आवाज’, ‘गेन’ आणि ‘फाटणे’

विचारणा

डिजिटल गिटार ॲम्प मॉडेलरवर (निरनिराळ्या गिटार ॲम्प्लिफायरांची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) हाय-गेन टोन, म्हणजे भरपूर डिस्टॉर्शनचा टोन, कसा बसवावा, याविषयी मी मराठीत एक सविस्तर टिपण लिहीत आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडखळलो आहे. ‘आवाज’ हा आपला एकच शब्द ध्वनी, त्याची पातळी, माणसाचा गळा आणि वाद्याचा गुण अशा चार ठिकाणी राबतो. मध्यंतरी एका मित्राला मी फोनवर ‘आवाज थोडा कमी कर’ असे सांगितले आणि त्याने लेव्हलऐवजी गेन उतरवला. टोन निघून गेला, पातळी मात्र जवळपास तेवढीच राहिली. चूक त्याची नव्हती, माझ्या वाक्याची होती. ‘गेन’साठी ‘लाभ’ लिहून पाहिले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जमाखर्च उभा राहतो. ‘डिस्टॉर्शन’साठी ‘विरूपण’ अचूक आहे, पण बोलताना सगळे ‘आवाज फाटतो’ असेच म्हणतात आणि ते सहसा बिघडलेल्या स्पीकरबद्दल म्हणतात. या शब्दांची वाटणी कशी करावी?

प्रतिसाद १

आपल्या मित्राच्या बाबतीत जे घडले, त्यातच उत्तर आहे असे मला वाटते. गेन म्हणजे संकेत किती पटींनी मोठा होतो ते प्रमाण. व्होल्टेजच्या भाषेत ६ डेसिबल म्हणजे सुमारे दुप्पट आणि २० डेसिबल म्हणजे दहापट. मात्र हाय-गेन ॲम्पमध्ये हा वाढवलेला संकेत पुढच्या टप्प्यांत मावत नाही, त्यामुळे लाटेचा माथा छाटला जातो, आणि एकदा माथा छाटला जाऊ लागला की गेन आणखी ६ डेसिबलने वाढवूनही बाहेर येणारी पातळी फारशी वाढत नाही; वाढतात ती वरची स्वरसंवादी कंपने, रेंगाळणारी आस आणि त्यांच्याबरोबर पिकअपमधली (तारांचे कंप टिपणाऱ्या भागातली) गुणगुण. म्हणून माझी सूचना अशी, की ‘क्लिपिंग’ला ‘माथा छाटणे’ म्हणावे आणि प्रत्येक बटणाविषयी लिहिताना ते छाटणीच्या आधी आहे की नंतर, हे वाक्यातच सांगावे. गेन आणि ड्राइव्ह आधी येतात, चॅनेल व्हॉल्यूम किंवा लेव्हल नंतर येते. ‘मास्टर’विषयी मात्र सावध राहावे, कारण बहुतेक मॉडेलरांत तो पॉवर ॲम्पच्या (स्पीकरला चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या) प्रतिकृतीला रेटतो आणि तिथे छाटणीचा दुसरा टप्पा असतो; त्याला नुसते ‘आवाजाचे बटण’ म्हटले, तर वाचकाची दिशाभूल होईल. गेन, लेव्हल आणि मास्टर हे शब्द बटणांवरच लिहिलेले असतात, त्यामुळे ते देवनागरीत जसेच्या तसे ठेवावेत. ‘आवाज’ हा शब्द टिपणातून शक्य तितका वगळून ‘पातळी’ आणि ‘टोन’ असे दोन शब्द वापरावेत.

‘आस’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. तार छेडल्यानंतर रेंगाळणाऱ्या स्वरासाठी तो आपल्याकडे आधीपासून आहे, तेव्हा ‘सस्टेन’साठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही.

प्रतिसाद २

वरच्या मांडणीशी मी सहमत आहे, फक्त ‘फाटणे’ हा शब्द फेकून देऊ नये. मॉडेलरमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे ॲम्पच्या प्रतिकृतीत हवी असलेली छाटणी, आणि दुसरी म्हणजे यंत्राच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला संकेताने शून्य डेसिबलची कमाल मर्यादा ओलांडणे, ज्यातून कोरडा, तडतडणारा आणि कोणालाच नको असलेला ध्वनी निघतो. पहिलीला ‘डिस्टॉर्शन’ म्हणावे आणि ‘फाटणे’ दुसरीसाठी राखून ठेवावे, म्हणजे बिघाडाचा जो अर्थ मराठी कानाला सवयीचा आहे, तोच योग्य जागी उपयोगी पडेल.

हाय-गेन टोनमधल्या भरगच्च कंपनांसाठी ‘जवारी’ हा तंबोऱ्याचा शब्द चालेल का, असेही मनात आले.

प्रतिसाद १

‘फाटणे’ची ही वाटणी मला पूर्णपणे मान्य आहे. ‘जवारी’ मात्र घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. जवारीत तार घोडीच्या पृष्ठभागावर घासत कंप पावते आणि एकाच स्वराची उपांगे उजळतात. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र शिरले, तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे तिसरेच स्वर तयार होतात. जाड ई ८२.४ हर्ट्झ आणि तिचा पंचम १२३.५ हर्ट्झ असे एकत्र वाजवले, तर सुमारे ४१ हर्ट्झचा, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा स्वर आपोआप उमटतो. दोन स्वरांचा पॉवर कॉर्ड म्हणूनच भक्कम लागतो, आणि त्यात शुद्ध किंवा कोमल गंधार मिसळला की असे उपरे स्वर इतके वाढतात की टोन गढूळ होतो. हा सारा व्यवहार ‘जवारी’ या शब्दात मावणार नाही.

विचारणा

‘गढूळ’ हा शब्द आपण सहज वापरलात आणि तो मला फार आवडला. मी ‘मडी’साठी ‘चिखलट’ लिहून ठेवले होते. त्याच्या उलट असलेल्या ‘टाइट’ला काय म्हणावे? ‘घट्ट’ लिहिले की बरणीचे झाकण आठवते.

प्रतिसाद १

‘बांधीव’ म्हणावे. आखीव, आटोपशीर आणि कुठेही न सांडणारे असा अर्थ त्यात आहे, आणि गिटारवादकाला नेमके तेच हवे असते. तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून जाड ई तारेवर झपझप आघात करून पाहावेत. गेन ८ वर असताना प्रत्येक आघातामागे एक फुगारा येतो आणि दोन आघातांमधली जागा बुजते. गेन ५ वर आणला आणि ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलची प्रतिकृती ड्राइव्ह शून्यावर व लेव्हल पूर्ण ठेवून लावली, की तोच आघात ठोकळ्यासारखा कापून निघतो. याचे कारण असे, की त्या पेडलमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला वाढ कमी मिळते, त्यामुळे जाड तारांचा भार छाटणीपर्यंत पोहोचण्याआधीच हलका होतो. खर्जाचा भाग छाटणीनंतर बास बटणाने कमी केला, तर गढूळपणा फक्त हळू ऐकू येतो; तो जात नाही. कारण तो आधीच संकेतात मिसळलेला असतो. म्हणूनच मेसा बूगीच्या मार्क मालिकेतल्या ॲम्पांत, जिथे बास, मिड आणि ट्रेबल ही बटणे मुख्य छाटणीच्या आधी येतात, तिथे हाय-गेनसाठी बास जवळजवळ शून्याकडे ठेवण्याचा रिवाज आहे, आणि तीच बटणे नंतर असलेल्या ॲम्पचा आकडा तिथे लागू पडत नाही. आपल्या टिपणात ‘बास ३ वर ठेवा’ असे नुसते लिहिले, तर ते वाक्य अर्धेच राहील.

‘फिझ’साठी मी ‘चरचर’ म्हणतो आणि ‘हार्श’साठी ‘बोचरा’. चरचर वरच्या टोकाला असते. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, म्हणून कॅबिनेटच्या (स्पीकरच्या खोक्याच्या) प्रतिकृतीशिवाय हाय-गेन टोन ऐकवत नाही. ती लावूनही चरचर उरली, तर ६ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान हाय कट (वरची कंपने कापणारी गाळणी) ठेवावा. बोचरेपणा बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो आणि तो कापण्यापूर्वी त्या प्रतिकृतीतल्या मायक्रोफोनची जागा स्पीकरच्या मध्यापासून थोडी कडेला सरकवून पाहावी. प्रेझेन्सचे बटण पुष्कळदा त्याच भागाच्या आसपास वाढ करते, त्यामुळे प्रेझेन्सला ‘उठाव’ म्हणावे, असे मी सुचवेन.

प्रतिसाद २

नॉइज गेट म्हणजे संकेत ठरावीक पातळीखाली गेला की गुणगुणीसकट तो बंद करणारा भाग; त्या पातळीला, म्हणजे ‘थ्रेशोल्ड’ला, ‘उंबरठा’ म्हणावे. दार, उंबरठा आणि दार किती सावकाश लोटले जाते तो रिलीज, अशी सगळी कल्पना एकाच घरातली राहते. उंबरठा फार उंच ठेवला, तर आस संपण्याआधीच तुटते, हेही वेगळे समजवावे लागत नाही.

विचारणा

आणि ‘फाइन-ट्यूनिंग’? ‘लावणे’ म्हटले, तर तारा सुरात लावणे आणि यंत्र चालू करणे हे दोन्ही अर्थ मध्ये येतात.

प्रतिसाद १

आपण आपल्या पहिल्याच वाक्यात ‘टोन बसवणे’ असे लिहिले आहे, तेच ठेवावे. चाल बसवतात, नाटक बसवतात. त्यात पुन्हा पुन्हा करून जागेवर आणणे अभिप्रेत आहे. त्याच्या जोडीला एक वाक्य अवश्य घालावे, की ज्या पातळीवर वाजवायचे आहे, त्याच पातळीवर टोन बसवावा. हळू ऐकताना कानाला खर्ज आणि अगदी वरचा भाग कमी जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. रात्री हेडफोनवर खर्ज वाढवून बसवलेला टोन दुसऱ्या दिवशी मोठ्या स्पीकरवर गढूळ आणि बोचरा लागतो, तो यामुळेच. इथे ‘मोठ्या आवाजात’ असे न लिहिता ‘मोठ्या पातळीवर’ असे लिहावे.