एसी लावला की पहिली दोन मिनिटं कुबट वास, नवा फिल्टर घालूनही जात नाही

प्रश्नकर्ती

नमस्कार. माझी गाडी ६ वर्षांची आहे, ८ महिन्यांपूर्वी वापरलेली घेतली. घेतली तेव्हा एसीची काही तक्रार नव्हती. गेल्या महिनाभरापासून मात्र सकाळी एसी लावला की पहिली दीड-दोन मिनिटं कुबट वास येतो. पिळलेले कपडे वाळत घालायचे राहून गेले तर दुसऱ्या दिवशी बादलीतून येतो ना, अगदी तसा. मग हवा गार होते, वास कमी होतो, पण पूर्ण जात नाही. संध्याकाळी परत तेच.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. सुगंधी जेलची डबी ठेवली, तर दोन्ही वास मिसळून उलट मळमळायला लागलं. गॅरेजमध्ये दाखवली, गॅस कमी आहे म्हणाले आणि भरून दिला. थंडावा होता तेवढाच राहिला आणि वासही. मग मी स्वतःच ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढला. काळा पडला होता, त्यात पानांचा चुरा होता आणि खालची कड ओलसर लागली. नवा घातला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी वास परत हजर.

आईला दमा आहे आणि ती माझ्या शेजारच्या सीटवर बसते. हल्ली गाडी सुरू झाली की तिला ढास लागते, मग ती काच खाली करून तोंड बाहेर वळवून बसते. तिला तपासणीला घेऊन जायचं आणि वाटेतच त्रास द्यायचा, हे मला बघवत नाही. एकांनी सांगितलं की अख्खा डॅशबोर्ड उतरवून कॉइल धुवावी लागेल. त्याआधी घरी करून बघण्यासारखं काही आहे का?

रोजचा प्रवासी

माझ्या गाडीला असाच वास यायचा. जंतुनाशक धुराचा डबा मिळतो, तो वापरला. काचा बंद, आतली हवा फिरवायचं बटण चालू, ब्लोअर जोरात, डबा खाली ठेवून कळ दाबायची आणि बाहेर येऊन दार लावायचं. १५ मिनिटांनी चारही दारं उघडून गाडी मोकळी करायची. पाच-सहा महिने वास आला नाही. तुम्हीही आधी हेच करून बघा.

एसी दुरुस्तीवाला

ताई, मी २२ वर्षं गाड्यांचे एसीच दुरुस्त करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. धुराचा डबा वाईट नाही, पण तो आत्ताच लावू नका. तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला खटकली: फिल्टरची ओली कड.

आधी वास येतो कुठून ते सांगतो. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. एसी चालू असताना ती शून्याच्या थोडीच वर, इतकी गार असते. ब्लोअरची हवा तिच्यावरून जाते तेव्हा हवेतली वाफ तिच्या बारीक पत्र्यांवर पाणी होऊन जमते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसंच. हे पाणी खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. एसी चालू गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसतं ते हेच. गाडी बंद केली की कॉइल कोमट होते, पण ओलीच राहते. त्यात अंधार, वारा नाही, आणि पत्र्यांत अडकलेली धूळ. बुरशी आणि जिवाणूंना याहून जास्त काही लागत नाही. रात्रभरात त्यांचा थर जोर धरतो आणि सकाळी ब्लोअर लावला की साठलेला वास पहिल्या झोतात तोंडावर येतो. तुमची दोन मिनिटं ती ही.

यात गॅसचा काही संबंध नाही. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तुमच्या श्वासाच्या हवेला तो शिवतही नाही. आणि गळती नसेल तर तो पेट्रोलसारखा संपतही नाही. वासाच्या तक्रारीवर कोणी गॅस भरायला सांगितलं, तर कुठे गळतोय ते आधी दाखवा म्हणायचं.

आता दोन गोष्टी बघून सांगा. हवेत दमटपणा असेल अशा वेळी २० मिनिटं एसी चालू ठेवून गाडी उभी करा आणि खाली वाका. पाणी पडतंय का? दुसरं, शेजारच्या सीटपुढची मॅट उचलून कार्पेटवर कोरडा कागद पायाने दाबून धरा. नुसता हात लावून कळत नाही, वरचा भाग कोरडाच लागतो.

बॉनेट उघडून समोरच्या काचेच्या पायथ्याची जाळीही बघा. बाहेरची हवा तिथून आत येते. फिल्टरमध्ये पानं सापडली म्हणजे तिथे कचरा साठला असणार. तिथली पाणी जायची भोकं बुजली की पावसाचं पाणी थेट फिल्टरवर येतं.

प्रश्नकर्ती

दादा, आज सगळं बघितलं. २५ मिनिटं एसी चालवला, खाली एक थेंब नाही. पूर्वी पाणी पडायचं, कधी बंद झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही. कार्पेटवर ठेवलेला कागद मात्र पूर्ण भिजला, आईचे पाय असतात नेमका तिथेच. डावीकडे वळताना डॅशबोर्डमधून खळखळ आवाज येतो, तोही आज ऐकला. काचेखालच्या जाळीतून दोन ओंजळी कुजलेली पानं निघाली. भिजलेल्या कागदाला रंग नाही, चिकटपणा नाही.

एसी दुरुस्तीवाला

खळखळ म्हणजे ट्रे भरलाय. नळी बुजली आहे. पाण्याला रंग आणि चिकटपणा नाही हे फार चांगलं झालं. चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असतं तर ते हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, असतं. ते विषारी असतं, काचेवर तेलकट धूर चढवतं, आणि मग मी तुम्हाला घरी काहीच करायला सांगितलं नसतं.

डॅशबोर्ड उतरवायची गरज नाही, निदान आत्ता तरी नाही. पण क्रम चुकवू नका. नळी बुजलेली असताना कॉइलवर काहीही फवारलं तर ते पाणी परत आईच्या पायाखालीच येणार. धुराचा डबा थांबवायला सांगितला तोही याचसाठी. ट्रेमध्ये डबकं तसंच असेल तर वरचा वास मारून आठवड्याभरात तो परत येतो.

नळीचं तोंड इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून खाली निघतं, बहुतेक गाड्यांत शेजारच्या सीटच्या बाजूला. टोकाला रबराचं चिरलेलं तोंड असतं, त्यात चिखल किंवा किड्यांचं घर सापडतं. ते बोटांनी चोळून मोकळं करा. मग जाडसर नायलॉनची दोरी हलक्या हाताने वर सारा. तार वापरू नका, पुढे कॉइल आहे आणि तिला भोक पडलं तर खर्च कुठल्या कुठे जाईल. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका. खालून हात पोचत नसेल तर रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये न्या, दहा मिनिटांचं काम आहे.

पाणी सुटलं की मग कॉइलसाठीचा फेसाचा स्प्रे. इंजिन बंद, फिल्टर बाहेर, आणि स्प्रेची लांब नळी ड्रेनच्या वाटेने किंवा फिल्टरच्या खाचेतून कॉइलपर्यंत. डब्यावर दिलेला वेळ थांबा, फेस विरघळून खालून घाण पाणी येईल. ते पूर्ण थांबेपर्यंत गाडी सुरू करू नका. नंतर एसी बंद ठेवून, काचा उघड्या, ब्लोअर जोरात, १५ मिनिटं. ब्लीच किंवा घरातलं फरशीचं औषध अजिबात नको. कॉइल ॲल्युमिनियमची असते, ती खराब होते, आणि त्याची वाफ दम्याच्या माणसाच्या छातीत जाते. स्प्रे केल्यावर एक-दोन दिवस आईंना त्या गाडीत बसवू नका.

कार्पेटकडे दुर्लक्ष झालं तर वरची सगळी मेहनत वाया जाईल. कार्पेटच्या खाली फेल्ट किंवा स्पंजचा जाड थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढा, कार्पेट उचला, खाली लाकडाचा ठोकळा द्या आणि घरातला टेबल फॅन लावा. पुष्कळ गाड्यांत वायरिंग तिथूनच जातं, म्हणून ओढाताण नको.

दुसरा वाचक

मी हीटर फुल करून दहा मिनिटं चालवतो, कॉइल वाळते म्हणतात. ताईंनी तेही करावं का?

एसी दुरुस्तीवाला

हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाते आणि मग हीटरवरून. त्यामुळे हीटरची ऊब कॉइलला मिळत नाही, थेट तुम्हाला मिळते. आतली हवा फिरवायचं बटण लावलं तर गरम हवा परत कॉइलवर येते खरी, पण मग काचा थोड्या उघडून ती वाफ बाहेर जायला वाट द्यावी लागते.

रोजसाठी सोपं हे: मुक्काम यायच्या तीन-चार मिनिटं आधी फक्त एसीचं बटण बंद करायचं, ब्लोअर चालू ठेवायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची. थोडा वेळ दमट लागेल, तेच कॉइलवरचं पाणी निघून चाललेलं असतं. दिवसभराच्या प्रत्येक छोट्या फेरीला जमलं नाही तर चालेल. रात्री गाडी उभी करण्याआधीची शेवटची फेरी मात्र चुकवू नका.

प्रश्नकर्ती

आज अकरावा दिवस. रॅम्पवर नळीचं तोंड दाबल्याबरोबर जवळजवळ दोन लिटर पाणी धो धो आलं, तळाशी काळा गाळ. स्प्रे शनिवारी मारला. पहिल्यांदा तपकिरी पाणी आलं, दुसऱ्या फेरीत बऱ्यापैकी स्वच्छ. आदल्या आठवड्यात घातलेला नवा फिल्टरही बदलला, तो पाण्याने वाकला होता.

आता सकाळी वास येत नाही. मी मुद्दाम गाडी रात्रभर बंद ठेवून, सकाळी सगळ्यात आधी झडपेला नाक लावून बघते. गाडीखाली पाणी पडलेलं दिसलं की बरं वाटतं. काल आईला घेऊन गेले, तास-दीड तासाचा प्रवास. ती काच वर करून बसली होती आणि वाटेत झोपली.

दाराची पट्टी अजून बसवलेली नाही. सीटखालच्या कोपऱ्यात फेल्ट दाबलं की कागदाला ओल लागते, म्हणून फॅन आणखी दोन दिवस तसाच ठेवते.